नदीचा काठ तुटतोय, तातडीचा निधी कुणाकडं मागायचा?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. कृष्णेच्या बाहेरच्या वळणावर गाव, गेल्या पावसाळ्यात पूर ओसरताना स्मशानभूमीची निम्मी जागा नदीत गेली, तिकडं जाणाऱ्या रस्त्याची कड पण गेली, ग्रामपंचायतीनं अर्ज दिला तर "निधी उपलब्ध नाही" असं उत्तर आलं. आणि दिवाळीत तुम्ही मालवणकडं गेला होता तेव्हा समुद्राच्या काठानं लांबच्या लांब दगडी बंधारे बघितले. म्हणून विचारताय की समुद्राला सरकार तातडीनं पैसा देतंय तर आमच्या नदीला का नाही, आणि पुढच्या पावसाळ्याआधी भिंत होईल का.

मी नोकरीची पहिली अकरा वर्षं कोकणात धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांच्या कामावर होतो आणि नंतरची सगळी सांगली-सातारा पट्ट्यात नदीच्या कामांवर. आता रिटायर होऊन सांगलीत विश्रामबागला असतो. दोन्हीकडचं पाणी आणि दोन्हीकडच्या फायली बघितल्यात म्हणून जरा लांब लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी सरळ उत्तर. पक्की भिंत पुढच्या पावसाळ्याआधी होणार नाही, तशी कुणी खात्री देत असेल तर विश्वास ठेवू नका. पण रस्ता वाचवण्यापुरतं तात्पुरतं काम पावसाळ्याआधी होऊ शकतं, आणि ते असं करता येतं की उद्या पक्की भिंत आली तर आजचा दगड वाया जाणार नाही.

आता तुम्ही मालवणला काय बघितलं ते सांगतो. ते बंधारे तातडीच्या पैशातून झालेले नसतात. कोकणात हे काम पत्तन म्हणजे बंदर विभाग आणि मेरीटाईम बोर्ड बघतं, आणि एकेका बंधाऱ्यामागं प्रस्ताव, सर्व्हे, सीआरझेडची म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांखालची परवानगी, बजेटमधली तरतूद असं वर्षानुवर्षांचं चाललेलं असतंय. गावानं पहिला अर्ज दिला तेव्हा शाळेत असलेली पोरं बंधारा होईपर्यंत नोकरीला लागलेली मी बघितलीत. तातडीच्या पैशातून काय होतं ते मी पहिल्याच पावसाळ्यात बघितलं. जुलैमधली उधाणाची भरती, माडाच्या मुळाखालची वाळू निघालेली, लोक रात्रभर जागे, आणि सकाळी वरून आदेश आला की ट्रकनं दगड आणून टाका. आम्ही टाकले. खाली फिल्टरचा थर नाही, पायाला खोदाई नाही, नुसता दगड वाळूवर. पुढच्या वर्षी तिथं गेलो तर अर्धा दगड वाळूत गडप झालेला आणि उरलेल्याच्या मागं लाटांनी पोकळी केलेली. पैसा खर्च झाला तो झालाच, पण त्या गावाला पुढं चार वर्षं "तुमचं काम झालेलं आहे" असं ऐकावं लागलं, आणि ते मला अजून बोचतंय.

त्यात समुद्राची अजून एक गोष्ट आहे. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून आत नेतात आणि ऑक्टोबरनंतर शांत लाटा त्यातली बरीच परत आणून टाकतात. म्हणजे ऑगस्टमध्ये बघितलं तर किनारा गेला असं वाटतंय आणि जानेवारीत त्याच जागी पोरं क्रिकेट खेळत असतात. त्यामुळं खरी धूप किती आणि ऋतूची ये-जा किती हे ठरवायला अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ अशा उपग्रह चित्रांवरून देशाच्या मुख्य भूमीचा किनारा तपासला तेव्हा ३३.६ टक्के किनारा धुपतोय, २६.९ टक्के वाढतोय आणि बाकीचा जवळपास स्थिर आहे असं निघालं. अठ्ठावीस वर्षांची नोंद होती म्हणून एवढं ठामपणे सांगता आलं.

नदीचं तसं नाही. तुमची गेलेली जमीन परत येत नाही, आलीच तर समोरच्या काठाला मळी म्हणजे गाळाची जमीन म्हणून येते. म्हणजे तुमची तक्रार समुद्राच्या तक्रारीपेक्षा सिद्ध करायला सोपी आहे, फक्त ती सिद्ध केलेली नाही. तुमच्या अर्जाची प्रत तुम्ही टाकलीय ती वाचली. "काठ मोठ्या प्रमाणावर ढासळला असून तात्काळ संरक्षक भिंत मिळावी." किती मीटर, कधीपासून, काय धोक्यात, एक आकडा नाही. असा अर्ज टेबलावर आला की टेबलामागच्या माणसाला तो खर्चाच्या कुठल्या हेडखाली बसवायचा तेच कळत नाही, आणि मग सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे निधी उपलब्ध नाही. मी त्या टेबलामागं बसलेलो आहे म्हणून सांगतो.

आता पैसा. सरकारी भाषेत तातडीचा, प्रतिबंधाचा आणि नियोजनाचा असे तीन वेगवेगळे खिसे आहेत आणि लोक तिन्हीला एकच समजून अर्ज करतात.

तातडीचा खिसा म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, एसडीआरएफ. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून आलेला, आपल्यासारख्या राज्याला ७५ टक्के केंद्र आणि २५ टक्के राज्य. १५व्या वित्त आयोगानं २०२१ ते २६ या पाच वर्षांसाठी सगळ्या राज्यांना मिळून १,६०,१५३ कोटी ठरवले, त्यातला ८० टक्के हा प्रतिसादाचा आणि २० टक्के सौम्यीकरणाचा म्हणजे नुकसान होऊ नये म्हणून आधी करायच्या कामांचा. प्रतिसादाच्या पैशातून काय मिळतंय, तर पुरानं तुटलेला रस्ता वाहता करणं, पाणीयोजनेची दुरुस्ती, बंधाऱ्याला पडलेलं भगदाड बुजवणं. होतं ते पुन्हा चालू करा एवढाच त्याचा अर्थ. नवीन भिंत त्यात बसत नाही. आणि दुसरी अडचण अशी की केंद्राच्या यादीत पूर आहे, चक्रीवादळ आहे, भूस्खलन आहे, पण नुसती "धूप" अशी वेगळी आपत्ती नाही. राज्याला स्वतःच्या स्थानिक आपत्तींसाठी या निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग वापरता येतो, पण त्यासाठी राज्यानं ती आपत्ती आधी जाहीर केलेली लागते. म्हणून तुमच्या अर्जात "धूप" हा शब्द पहिला नको, "अमुक तारखेच्या पुरानं रस्ता क्रमांक अमुक इतके मीटर खचला" हे पहिलं पाहिजे. यात खोटं काही नाही, पुरानंच खचलाय.

ज्यांची शेती नदीत गेलीय त्यांच्यासाठी वेगळी ओळ आहे. नदीनं पात्र बदलून किंवा खरडून जमीन गेली तर अल्पभूधारकाला केंद्राच्या निकषानं हेक्टरी ४७,००० रुपये मिळतात. एकराला एकोणीस हजाराच्या आसपास. उसाच्या मळीच्या जमिनीची किंमत तुम्हाला मी सांगायला नको, पण ते घ्या, कारण त्यासाठी झालेला पंचनामा हा पुढच्या प्रत्येक प्रस्तावाला जोडायचा कागद आहे.

दुसरा खिसा सौम्यीकरणाचा. तो राज्याकडं आहे तसा केंद्राकडंही आहे, आणि १५व्या वित्त आयोगानं केंद्राच्या सौम्यीकरण निधीत धूप रोखण्यासाठी म्हणून १,५०० कोटी वेगळे ठेवायला सांगितले, शिवाय धुपेनं विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी. नदी आणि समुद्र दोन्ही त्यात आले. आता या आकड्याकडं जरा थांबून बघा. केरळात कोचीजवळ चेल्लानम म्हणून मच्छीमारांचं गाव आहे, दर पावसाळ्यात समुद्र घरात यायचा, तिथं पहिल्या टप्प्यात सातएक किलोमीटरची टेट्रापॉडची म्हणजे चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत बांधली, ती योजना ३४४ कोटींची. म्हणजे किलोमीटरला पन्नास कोटींच्या जवळपास. त्या हिशोबानं सगळ्या देशाचे पाच वर्षांचे १,५०० कोटी तीस-बत्तीस किलोमीटरला पुरले. ब्रह्मपुत्रेला रोज जमीन देणारा आसाम आहे, गंगेकाठचा बिहार-बंगाल आहे, ओडिशाचा किनारा आहे, त्या रांगेत आपल्या गावचा शंभर-दीडशे मीटर काठ कुठं उभा राहणार ते ओळखा. त्यामुळं दिल्लीच्या नावानं पत्र लिहिण्यात वर्ष घालवू नका.

तिसरा खिसा नियोजनाचा, आणि तुमच्यासाठी खरा हाच आहे. जिल्हा वार्षिक योजनेत पाटबंधारे व पूरनियंत्रण असा विभाग असतो, जिल्हा नियोजन समिती त्याचं ठरवते. स्मशानभूमी आणि तिचा रस्ता यासाठी जनसुविधेचा निधी असतो. आमदार निधी वर्षाला पाच कोटी असला तरी सगळ्या मतदारसंघाला आहे, त्यातून पाचपंचवीस मीटरचं काम निघू शकतं. मोठं काम असेल, म्हणजे दोनतीन गावांचा सलग काठ, तर केंद्राचा पूर व्यवस्थापन आणि सीमा क्षेत्र कार्यक्रम आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत त्याला ४,१०० कोटींची मंजुरी झाली, आपल्यासारख्या राज्याला केंद्र ६० टक्के देतं, आणि त्यात नदीची धूप आणि समुद्राची धूप एकाच ओळीत लिहिलीय. म्हणजे कागदावर तरी समुद्र लाडका आणि नदी दोडकी असं नाही. पण तिथं खर्चापेक्षा फायदा जास्त दाखवावा लागतो, आणि नुसतं खाजगी शेत वाचतंय एवढ्यावर ते गणित जमत नाही. गावठाण, रस्ता, पाणीयोजनेचं जॅकवेल म्हणजे पाणी उपसायची विहीर, शाळा, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा खांदा, असं सार्वजनिक काहीतरी धोक्यात आहे हे दिसलं पाहिजे. शेतकऱ्यावर हा अन्याय आहे असं माझं मत आहे, शेत गेल्याशिवाय रस्त्यापर्यंत नदी येतच नाही, पण नियम आज असा आहे.

मी नोंदीचं एवढं का धरून बसलोय ते एका बाहेरच्या उदाहरणानं सांगतो. अमेरिकेत किनाऱ्यावरच्या शहरांना वादळानंतर फेमा म्हणजे तिथली आपत्ती संस्था पैसे देते. पण वाहून गेलेली वाळू पूर्ण भरून द्यायची तर तो किनारा आधीपासून डिझाइन करून भरलेला आणि ठरल्या वेळी देखभाल केलेला पाहिजे, त्याचे कागद पाहिजेत. नैसर्गिक किनारा असेल तर पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळाला पुरेल एवढाच तात्पुरता वाळूचा बांध, तोही मागं घरंदारं धोक्यात असली तरच. एवढ्या श्रीमंत देशात सुद्धा आधी काय होतं हे दाखवता आलं नाही तर किती गेलं याचा पैसा मिळत नाही. आणि तिथंही शहरानं, राज्यानं स्वतःचा वाटा घालावा लागतो, मोठ्या किनारा भरणीच्या कामात सुरुवातीचा खर्च साधारण ६५ टक्के केंद्राचा आणि ३५ टक्के स्थानिक असा वाटला जातो.

तर तुम्ही आत्ता काय करायचं. खरी मेहनत इथं आहे आणि खर्च जवळपास नाही. काठापासून आत पंधरा-वीस मीटरवर, नदीला समांतर, दर दहा मीटरला एक खुंटी रोवा, सिमेंटमध्ये बसवलेला लोखंडी तुकडा असला तर उत्तम. प्रत्येक खुंटीला नंबर. खुंटीपासून काठाच्या कडेपर्यंत टेपनं अंतर मोजा, वहीत तारखेसह लिहा, ग्रामसेवक आणि दोन गावकऱ्यांच्या सह्या घ्या. मेअखेरीला एकदा, प्रत्येक पूर ओसरल्यावर एकदा, दिवाळीनंतर एकदा. मोबाइलमध्ये तारीख आणि लोकेशन छापणारा कॅमेरा असतोय, त्यानं प्रत्येक वेळी त्याच खुंटीजवळ उभं राहून त्याच दिशेला फोटो. सोबत सांगलीच्या आयर्विन पुलाची त्या दिवसाची पाणीपातळी लिहा, ती रोज जाहीर होते. २०१९ ला तिथं ५७ फुटांच्या वर पाणी गेलं होतं, इशारा ४० आणि धोका ४५ असताना. तुमचा काठ कितीच्या पाण्याला आणि मुख्य म्हणजे किती वेगानं उतरलेल्या पाण्याला तुटतो हे दोन पावसाळ्यांच्या वहीत दिसायला लागतं.

उतरलेल्या पाण्याला म्हणतोय कारण आपल्याकडं बहुतेक काठ पूर चढताना तुटत नाहीत, उतरताना तुटतात. काळी माती आठ-दहा दिवस पाणी पिऊन फुगते, बाहेरून नदीचं पाणी तिला दाबून धरतं, आणि मग वरून कोयना धरणाचा विसर्ग कमी झाला, पाऊस थांबला की नदी भराभर खाली जाते पण मातीतलं पाणी आतच राहतं. आधार गेला, वजन तसंच, झाडासकट तुकडा खाली बसतो. वळणावर त्याच्या जोडीला धार पायथा खाते. त्यामुळं वरून माती-मुरूम टाकून काही होत नाही, उलट वजन वाढतं. मातीतल्या पाण्याला बाहेर यायला वाट आणि पायथ्याला दगड, या दोन गोष्टी पाहिजेत.

म्हणून तात्पुरतं काम मागताना "भिंत" मागू नका, "पायथा संरक्षण" मागा. जिओटेक्स्टाइल म्हणजे माती धरून पाणी जाऊ देणारं कापड, त्यावर बारीक खडीचा थर, त्यावर पायथ्याला तारेच्या जाळीतले दगड म्हणजे गॅबियन, पात्राच्या तळाच्या खाली उतरवलेले. उद्या पक्कं पिचिंग म्हणजे काठाच्या उतारावरचं दगडी अस्तर मंजूर झालं तर ते याच पायावर वर चढवता येतं. आणि दोन्ही टोकं काठात आत वळवून बंद करायला सांगा, नाहीतर भिंत राहते आणि तिच्या शेजारी नदी मागून शिरते. इथं अजून एक, आपला काठ दगडाचा झाला की धार खालच्या अंगाच्या शेजाऱ्याकडं जोर काढते. समुद्रावरही तेच, पुद्दुचेरीला १९८९ च्या सुमाराला बंदराचे ब्रेकवॉटर म्हणजे लाटा अडवणारे बांध झाले आणि उत्तरेकडचा शहराचा वाळूचा किनारा नाहीसा झाला, काठावर नुसते दगड उरले. म्हणून खालच्या गावाला पहिल्या बैठकीला बोलवा. दोन गावांचा एक ठराव असला तर प्रस्तावाचं वजन पण वाढतं.

घरांचा राडारोडा, फुटके पाइप, जुन्या कौलांचे ढीग काठावरून ढकलायचं काम आजच बंद करा. आणि तुमच्या वळणाच्या वरच्या अंगाला वाळू किंवा वीटभट्टीसाठी माती निघत असेल तर ते आधी बोला, गावात बोलायला अवघड असलं तरी. पायथ्याखालची वाळू काढत राहायची आणि वर सरकारचा दगड लावायचा, हे टिकणार नाही.

पंचनाम्याचं एक सांगायचं राहिलं. माझ्या देखत एका गावाचं दोन वर्षांचं नुकसान एका शब्दानं झालं. पंचनाम्यात "शेतजमिनीचे नुकसान" एवढंच लिहिलं गेलं, शेजारचा रस्ता आणि पाण्याची पाइपलाइन उघडी पडलेली होती ती कुणी लिहिलीच नाही, गावकऱ्यांनी न वाचता सह्या केल्या. नंतर प्रस्ताव गेला तर परत आला, सार्वजनिक मालमत्तेची हानी नोंदलेली नाही म्हणून. त्या दोन वर्षांत पाइपलाइन नदीत गेली आणि बायाबापड्या उन्हाळाभर टँकरमागं. तेव्हा पंचनामा चालू असताना तिथं उभं राहा, गट नंबर, रस्त्याचं नाव, लांबी-रुंदी मीटरमध्ये, सगळं लिहून घ्या, वाचून मग सही.

आणि अगदी ऐन पावसाळ्यात रस्ता तुटायला आला तर? तेव्हा तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडं जा, ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ५०व्या कलमाखाली बचाव आणि मदतीसाठी तातडीची खरेदी निविदा न काढता करता येते. पण अधिकारी त्यावर सही करायला कचरतात, उद्या ऑडिटमध्ये आपल्यालाच विचारणार म्हणून, आणि ती भीती खोटी नाही. तुमच्या वहीतले आकडे आणि फोटो त्या सहीला आधार देतात. "काल खुंटी सात पासून काठ नऊ मीटरवर होता, आज चार मीटरवर आहे, रस्ता खुंटीला लागून आहे" असं लेखी समोर आलं तर बहुतेक अधिकारी हलतात, माझा अनुभव तरी तसा आहे.

बाकी काही गोष्टी मला इथून सांगता येत नाहीत. नदी तुमच्या वळणावर अजून आत सरकणार आहे की समोर बेट तयार झाल्यानं तात्पुरती वळलीय, खाली खडक किती खोल आहे, स्मशानभूमीची जागा गावठाणात आहे की कुणाच्या गटात. यावर सगळं अवलंबून आहे. आणि एक अप्रिय गोष्ट लिहितो, राग धरू नका. काठ दरवर्षी चारपाच मीटर जात असेल आणि खाली खडक लागत नसेल तर स्मशानभूमी आत हलवणं आणि फक्त रस्त्यापुरतं संरक्षण करणं हे जास्त शहाणपणाचं असेल. वाडवडिलांची जागा आहे, मला कळतंय. कोकणात असंच एका वाडीतलं छोटं देऊळ लोकांनी स्वतः ठरवून दोनशे मीटर आत नेलं, तेव्हा सगळे रडले होते, पण आज ते उभं आहे आणि जुन्या जागेवर भरतीचं पाणी आहे.

म्हणजे क्रम असा धरा. या महिन्यात खुंट्या आणि मागच्या पुराच्या पंचनाम्याची नक्कल. ग्रामसभेचा ठराव, खालच्या गावासह. मग पाटबंधारे विभागाच्या उपविभागाला जागेची पाहणी करून अंदाजपत्रक करायची लेखी विनंती, कारण अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता नसेल तर जिल्हा नियोजनच्या बैठकीत तुमचं नावच निघत नाही. आराखड्याची जुळवाजुळव हिवाळ्यातच होते, त्याआधी कागद पोचला पाहिजे. पायथ्याच्या कामाची मागणी वेगळी, पक्क्या कामाची वेगळी, एका अर्जात दोन्ही नको.

पाहणीच्या दिवसाची तारीख ठरली की इथंच कळवा. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, पण काठाच्या वरून चालता येतंय, मी येईन. तोपर्यंत खुंटी क्रमांक एक रस्त्याच्या मोरीजवळ रोवा, मोरी नकाशात असते, त्यामुळं पुढं कुणीही आलं तरी मोजणी तिथून जुळवता येईल.